वैद्याची नाडी कोणी पाहावी?

वैद्यानें रोग्याची नाडी पाहावी हें सर्वांस ठाऊक आहे. वैद्याची नाडी कोणी पाहावी, हा प्रश्न मात्र आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांनीं अद्याप मनावर घेतलेला दिसत नाहीं. डॉक्टरास अध्यात्माची गरज आहे असें म्हटलें कीं कोणी हंसतो, तर कोणी एखाद्या बुवाचें प्रवचन ठरवून मोकळा होतो. आम्हांस दोन्ही प्रकार सारखेच निरुपयोगी वाटतात. आपण हें काम कशासाठीं पत्करलें, रात्रीं दगावलेल्या रोग्याचें दुःख सकाळच्या रोग्यापुढें जातांना ठेवावें कोठें, हे प्रश्न कोणत्याही पंथाचे नाहींत. नास्तिक डॉक्टरासही ते चुकत नाहींत.

डॉ. अभय बंग यांस १९९५ सालीं हृदयविकार झाला आणि त्या आजारांत जो आत्मशोध त्यांनीं घेतला, तो 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकांतून महाराष्ट्रापुढें आला. पण स्वतःकडे पाहण्यास सवड मिळावी म्हणून प्रत्येक डॉक्टरानें अंथरूण धरावें काय?

बोस्टन येथील केनेथ श्वार्ट्झ यांची हकीकत या संबंधांत सांगण्याजोगी आहे. (ते आमच्याच व्यवसायाचे, म्हणजे वकील, म्हणून ती आमच्या विशेष ध्यानांत राहिली.) १९९४ सालीं, अवघ्या चाळिशींत, त्यांस फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें व पुढच्याच वर्षीं ते वारले. मरणापूर्वीं त्यांनीं वर्तमानपत्रांत लेख लिहून कळविलें कीं, डॉक्टर व परिचारिका यांच्या लहानसहान मायेच्या वागणुकीनें आपली यातना हलकी झाली. आणि पैशाच्या व घाईच्या रेट्याखालीं ही माया टिकेल कशी, अशी चिंताही व्यक्त केली. त्यांच्या नांवाच्या संस्थेनें १९९७ पासून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत बैठकी सुरू केल्या. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक एकत्र बसतात. दोघे-तिघे एखादा प्रसंग थोडक्यांत मांडतात. मग इतर बोलतात. निदान बरोबर होतें कीं चूक, याची तेथें चर्चा नाहीं. तो प्रसंग आपल्या मनास कसा लागला, एवढेंच बोलावयाचें. त्याहीपूर्वीं, १९५० नंतरच्या दशकांत, मायकेल बालिंट या मनोवैद्यानें लंडन येथें सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांचे असे गट चालविले होते.

आमच्याकडे २०१९ पासून वैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति व संभाषण यांचें शिक्षण घातलें गेलें, हें इष्टच झालें. तथापि तें विद्यार्थ्यांसाठीं. पुढें वॉर्डाचा भार वाहणाऱ्या निवासी डॉक्टराचें काय? अशा बैठकी प्रत्येक सरकारी महाविद्यालयांत व्हाव्यात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मात्र त्यांच्या नांवाखालीं खरी व्याधि झांकली जाऊं नये. निवासी डॉक्टरानें सामान्यतः आठवड्यास ४८ तास, व सलग १२ तासांहून अधिक नव्हे, इतकेंच काम करावें, असें केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेंत लिहिलेलें आहे. तें कलम कितपत पाळलें जातें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयांत पहाटे तीन वाजतां जाऊन उभें राहावें. ज्यास झोप नाहीं त्यास आत्मचिंतनाचा उपदेश करणें ही क्रूर थट्टा होय.

दुसरें असें कीं, बैठकींतला शब्द बढतीच्या शेऱ्यांत उतरतां कामा नये. अशा बोलण्यास वकील व पक्षकार यांच्यांतील संभाषणासारखें कायद्याचें संरक्षण आहे, असेंही कोणी समजूं नये. म्हणून रोग्याचें नांव काढूं नये आणि टिपणही ठेवूं नये. रोग्यास झालेली इजा लपविण्याची ही जागा नव्हे. तिची चौकशी निराळी आहे व ती झालीच पाहिजे. शिवाय वरिष्ठांनीं प्रथम बोलावें. विभागप्रमुखानें आपली हार सांगितल्याखेरीज पहिल्या वर्षाचा उमेदवार तोंड उघडील, ही आशा व्यर्थ आहे.

महिन्यास एक तास पुरे. तो कामाच्या वेळेंतच धरावा. साप्ताहिक सुटी कापून घेऊं नये.