घरांतलें तेल : निवड आणि वापर

पनवेलहून दक्षिणेस पेणच्या वाटेला लागलें, म्हणजे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनच दिसूं लागतो. १९६८ सालीं या डोंगराच्या पायथ्याचें रान पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें, व तेव्हांपासून मुंबईकर मंडळी तेथें पक्षी पाहावयास जातात. परंतु ज्याला स्वयंपाकघरांतल्या तेलाचा विचार करावयाचा आहे, त्यानेंही हा मुलूख एकदां न्याहाळावा. जमीन, झाड, चालरीत आणि शरीर यांचा तेलाच्या निवडींत कसा मेळ असतो, तें येथें सहज कळून येतें.

डोंगराकडच्या कातकरी-ठाकूर वाड्यांवर मोहाच्या बियांचें तेल खाण्याची वहिवाट जुनी आहे. किनाऱ्याकडे वळलें कीं नारळ आला आणि त्याबरोबर खोबरेल आलें. कोकमाच्या बियांचें तेल तर इतकें घट्ट कीं, त्याचे मुठीत वळून गोळे करतात व त्यास मुठेल म्हणतात. घाट चढून वर गेलें, म्हणजे भुईमूग, करडई आणि कारळे यांचें राज्य लागतें; विदर्भांत त्यांत जवसाची भर पडते. यांपैकीं भुईमूग हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा. पण आज तो घरचाच झाला आहे.

हीं तेलें काढणारांत या भागांतील बेने इस्राएल लोकांची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडांत, हे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशीं घाणा बंद राही, म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. त्यांच्या धर्मांत मांसाबरोबर दूधदुभतें वर्ज्य असल्यामुळें सामिष पदार्थांत तुपाला जागा नाहीं. तेथें तेल आणि नारळाचें दूध यांवर भागविलें जातें. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत जाऊन स्थायिक झालीं. पनवेलचें त्यांचें बेथ एल हें प्रार्थनामंदिर मात्र उभें आहे. त्या काळीं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बी घाण्यांत पडे, तेल भांड्यांत येई आणि पेंड गुरांना जाई. आज तेल कोठून आलें हें सांगावयास डब्यावरील चिठ्ठीवांचून दुसरा साक्षीदार नाहीं. म्हणूनच तेलाचे गुणधर्म स्वतः जाणून घेणें अगत्याचें झालें आहे.

तेलांतील स्निग्ध द्रव्यें मुख्यतः तीन प्रकारचीं : संपृक्त, एक-असंपृक्त आणि बहु-असंपृक्त. संपृक्त द्रव्यें थंडींत गोठतात आणि उष्णतेनें लवकर बिघडत नाहींत. पण तीं फार खाल्लीं असतां रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल वाढतें. खोबरेलांत शेंकडा ९० च्या आसपास हींच असतात. म्हणून सुमारें २४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं तें पांढरें पडून थिजतें. उलट करडईंत शेंकडा ७५ च्या जवळपास बहु-असंपृक्त द्रव्यें असतात. तीं हृदयास हितकर, पण कढईंत वरचेवर तापविलीं कीं हवेशीं संयोग पावून बिघडतात. भुईमुगाचें तेल या दोहोंच्या मध्यें बसतें. तिळाच्या तेलांत तें खवट होऊं न देणारीं द्रव्यें निसर्गतःच असल्यामुळें तें टिकाऊ असतें.

यावरून वापराचा नियम आपोआप निघतो. रोजची फोडणी व भाज्या यांस शेंगदाण्याचें तेल उत्तम. लोणच्यावर तेल घालावयाचें तें तापवून पूर्ण निववून घालावें. तेथें तिळाचें किंवा शेंगदाण्याचें चालेल. करडईचें घाण्याचें तेल झुणका-भाकरीवर किंवा चटणींत कच्चेंच घ्यावें. जवसाचें तेल तर विस्तवावर ठेवूंच नये. माशाच्या कालवणांत खोबरेलाचा वास शोभतो. तेथें तें बेतानें वापरण्यास हरकत नाहीं.

लांकडी घाण्याचें तेल आणि शुद्धीकृत, म्हणजे रिफाइंड तेल, यांचा वाद घरोघर चालतो. घाण्याच्या तेलांत बियांचा वास व स्वाद राहतो. पण तें लवकर धुरावतें आणि फार दिवस टिकत नाहीं. शुद्धीकृत तेलांतील आंबटपणा, रंग व वास कारखान्यांत काढलेले असतात. अखेर त्यांतून २०० अंशांहून अधिक उष्णतेवर वाफ सोडतात. तें तळणास सोयीचें. परंतु त्याच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ या शब्दानें भुलूं नये. कोणत्याही वनस्पतीच्या तेलांत नांव घेण्याजोगें कोलेस्टेरॉल नसतेंच!

वनस्पति तुपाची कथा याहून बोधप्रद आहे. १९३७ सालीं ‘डालडा’ बाजारांत आला आणि तुपाचा स्वस्त भाऊ म्हणून घरांत शिरला. तेलांत हायड्रोजन वायु मिसळून तें घट्ट करतांना जीं विकृत स्निग्ध द्रव्यें उत्पन्न होतात, तीं हृदयास अत्यंत अपायकारक असल्याचें पुढें सिद्ध झालें. १ जानेवारी २०२२ पासून भारतांत त्यांचें प्रमाण शेंकडा २ च्या वर असूं नये, असा निर्बंध आहे. जें दोन पिढ्यांनीं निःशंकपणें खाल्लें, त्याचा हिशेब इतक्या उशिरां लागला.

दिवाळीच्या चकल्या-करंज्या झाल्या कीं कढईंत उरलेलें तेल टाकून देणें गृहिणीच्या जिवावर येतें. तें गाळून एखाद-दुसऱ्या दिवसांत फोडणीस वापरावें. पुन्हां तळणास घेऊं नये. तेल काळवंडलें, चिकट झालें, फेंसाळूं लागलें किंवा नेहमींपेक्षां लवकर धुरावूं लागलें, तर त्याचा मोह सोडावा. सुटें तेलही घेऊं नये. त्याची विक्री सामान्यतः कायद्यानेंच मना आहे. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, आणि अंगावर सूज येऊन कित्येकांचे प्राण गेले.

शेवटची गोष्ट प्रमाणाची. तेल कितीही उत्तम असलें तरी त्याच्या एका ग्रॅमांत ९ उष्मांक असतात. पिष्ट पदार्थांत ४ च. माणशीं महिन्यास अर्धा किलो हा हिशेब धरला, तर दिवसास चार चहाचे चमचेसुद्धां पुरते होत नाहींत. तेव्हां एकाच तेलाच्या मोठ्या डब्याऐवजीं घरांत दोन लहान बरण्या असाव्यात : एक कढईसाठीं शेंगदाण्याच्या तेलाची, दुसरी कच्च्या वापरासाठीं तिळाच्या किंवा करडईच्या तेलाची. त्या उजेडापासून दूर, झांकण घट्ट लावून ठेवाव्यात. आणि कढईंत तेल बरणींतून ओतण्यापेक्षां चमच्यानें मोजून घालण्याची संवय लावावी.