दोष हवेचा की खिडकीचा?

सर्दीपडशाचे खापर हवेवर फोडण्याची आपली रीत जुनी आहे. भाषाच त्याची साक्ष देते. ‘थंडी बाधली’, ‘वारा लागला’, ‘हवा पालटली’ असे आपण म्हणतो. ‘शेजारच्याचा श्वास बाधला’ असे कोणी म्हणत नाही. पण शास्त्राच्या मते हवामान हा गुन्हेगार नव्हे, फार तर त्याचा साथीदार. गुन्हेगार आहे विषाणू, आणि तो एका श्वासातून दुसऱ्या श्वासात जातो.

तो जातो कसा? आपण खोकतो, शिंकतो, नुसते बोलतो, तरी तोंडातून असंख्य थेंब उडतात. मोठे थेंब जवळच खाली पडतात. बारीक थेंबांतले पाणी मात्र पाहता पाहता सुकते आणि उरलेले कण उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय विद्यालयातील संशोधकांनी गिनीपिग या प्राण्यांवर केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. थंड व कोरड्या हवेत फ्ल्यू एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात सहज गेला. ३० अंश उष्णतेत हवेतून होणारा तो प्रसार थांबला.

यावरून कोणी म्हणेल, मग हिवाळा तेवढा सांभाळला की झाले! श्रीनगरकडे ते खरेही आहे. तिथे फ्ल्यूचा जोर हिवाळ्यातच असतो. आपल्या महाराष्ट्रात मात्र तो भर पावसाळ्यात वाढतो. स्वाइन फ्ल्यूने भारतातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, ३ ऑगस्ट २००९ रोजी. हवा दमट, तरी साथ जोरात! याला कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक आपल्या घरातच सापडते. पावसाची झड लागली की खिडक्या बंद होतात आणि सारे कुटुंब एका खोलीत येते. विषाणूला मारणारे ऊनही तेव्हा ढगाआड असते.

हवामानाचा तिसरा हात माणसाच्या ताटापर्यंत पोचतो. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात गेले आणि ‘मानमोडी’ आली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिची दुसरी, अधिक भयंकर लाट उठली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. अर्धपोटी माणसांवर ही साथ म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडाची गणना देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या मुलखात झाली. साऱ्या देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली.

आता अलीकडचे, आमच्याच वाशीम जिल्ह्यातले उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगाव येथल्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात २२९ विद्यार्थ्यांना करोनाची लागण झाल्याचे आढळले. मुले निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली. निजणे, जेवणे, अभ्यास सारे एकत्र. बाहेरचे ऊन-वारे साऱ्या तालुक्याला सारखेच होते. एवढी मुले एकदम सापडली ती मात्र एका छपराखाली. आकाशापेक्षा छपराचा विचार आधी करावा, हे यातून उमगते.

आभाळावर आपला हुकूम चालत नाही. खिडकीवर मात्र चालतो. उन्हाळ्यात वऱ्हाडात घरोघरी कूलर घरघरतात. कूलर बाहेरची ताजी हवा आत ओढतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच आतली हवा बाहेर पडते आणि गारवाही नीट लागतो. वातानुकूलन यंत्र मात्र बहुधा तीच ती हवा फिरवते; म्हणून अधूनमधून दार उघडावे. घरात कोणी खोकत असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर तरी उघड्या ठेवाव्यात, आणि आजाऱ्याने तोंडावर मुखपट्टी बांधावी.

दिवाळीत पाहुण्यांनी घर भरते आणि पहाटे गारठाही पडू लागतो. अशा वेळी आजीला शाल द्या, बाळाला कानटोपी घाला; पण खिडकी लावू नका. फराळाचे ताट जसे दहा जणांत फिरते, तसा बंद खोलीतला श्वासही फिरतो, हे गृहिणींनी आणि गृहस्थांनीही ध्यानात ठेवावे.