जूनआधीचे तर्क

अ‍ॅपलची विकसक परिषद साधारणपणे दर जूनमध्ये भरते, पण चाहत्यांची खलबतं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. निमंत्रणातला रंग, घोषवाक्यातला शब्द, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चुकून राहिलेली ओळ. तर्क लढवायला काहीही पुरतं.

२०१० साली तर्काची गरजच उरली नाही. कॅलिफोर्नियातल्या एका बिअर बारमध्ये आयफोन ४चा नमुना राहून गेला. ‘गिझमोडो’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने तो ५,००० डॉलर मोजून मिळवला आणि एप्रिलमध्येच छायाचित्रांसह जगापुढे ठेवला. तरीही ७ जूनला स्टीव्ह जॉब्ज यांनी तोच फोन दाखवला, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आधी फुटलेल्या बातमीने उत्सुकता मरत नाही, उलट पोसली जाते.

उपकरणांची बातमी फुटते याचं कारण उघड आहे. सुटे भाग बनवणारे कारखाने अनेक, तिथे हातही असंख्य. २०२३च्या व्हिजन प्रो या हेडसेटचा अंदाज कित्येक वर्षं वर्तवला जात होता. किंमत ३,००० डॉलरच्या आसपास असेल असं बोललं जाई, निघाली ३,४९९.

सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. अ‍ॅपलमधले अभियंते ख्रिस लॅटनर यांनी २०१० मध्ये एका नव्या प्रोग्रामिंग भाषेवर काम सुरू केलं. कंपनीतही मोजक्यांनाच ते ठाऊक होतं. २ जून २०१४ रोजी ‘स्विफ्ट’ जाहीर झाली आणि सभागृहातले प्रोग्रामर थक्क झाले. आज आयफोनच्या अ‍ॅप्ससाठी हीच प्रमुख भाषा आहे.