लढाईतली मुंबई शिकवताना

शाळेच्या इतिहासात दुसरं महायुद्ध येतं ते युरोपच्या नकाशातून आणि १९४२ साल येतं ते 'चले जाव'मधून. त्याच वर्षांत मुंबईतली माणसं काय खात होती, खोलीचं भाडं किती देत होती, याला पुस्तकात जागा नसते. गिरणगावातल्या मराठी शाळेत नव्वदच्या दशकात शिकवायला लागलो, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत ही उणीव भरून काढायचा खटाटोप चालला.

मुलांचा पहिला प्रश्न दरवर्षी ठरलेला असायचा : "सर, मुंबईवर बॉम्ब पडले का?" शत्रूचे पडले नाहीत. १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि कोलकात्यावर बॉम्ब टाकले. मुंबईने दिवे झाकले, सायरनच्या तालमी केल्या, पण विमानं काही आली नाहीत.

सुरुवातीच्या काळात आजी-आजोबा हाच माझा संदर्भग्रंथ होता. घरी विचारून लिहून आणा म्हटलं की वह्या भरून यायच्या. खिडक्यांना काळा कागद, सायरन, खालून कुणीतरी ओरडलेलं "दिवा घालवा!" पण ही लढाई कुठली? १९४२ ची की १९७१ ची? एकाच आठवणीत दोन्ही मिसळलेल्या असत. मग आम्ही चाळणी लावायला शिकलो. आठवणीत आणे-पै आहेत की नवे पैसे? नवे पैसे आले १९५७ मध्ये. रस्त्यावर गोरे टॉमी दिसतात का? पुरावा तपासणं म्हणजे काय, हे मुलांना या वह्यांमुळे धड्यापेक्षा चांगलं कळलं.

पुढे ती पिढी सरली आणि मी वस्तूंकडे वळलो. १९४३ चा भोकाचा पैसा आणि त्याआधीचा अखंड पैसा प्रयोगशाळेच्या तराजूत ठेवला की नवा निम्म्याहूनही हलका भरायचा. तांबं गेलं कुठे, हे मग सांगावं लागत नसे. रुपयाचंही तेच. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आली.

१४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून गोदीच्या स्फोटाचा तास अग्निसुरक्षा सप्ताहात पुढे कधीतरी व्हायचा. १९४४ सालच्या त्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोटीवर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या लगडीही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं मेली. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. "दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवलाच कशाला?" असं एखादी मुलगी हमखास विचारायची. बोटींचा तुटवडा होता, मिळेल त्या जागेत मिळेल तो माल कोंबला जायचा. लढाई दूर असली तरी तिची घाई गोदीत पोचली होती.

बाहेरच्या जगाला या स्फोटाची सविस्तर बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या सेन्सॉरने बातमीदारांना मे महिन्यापर्यंत अडवून धरलं. याच मुंबईत १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. हे दोन रेडिओ शेजारी ठेवले की सेन्सॉर म्हणजे काय, ते वेगळं शिकवायला लागत नसे.

शेवटची काही वर्षं मी मुलांना घरातली कागदपत्रं बघायला सांगत असे. कुणाकडे रेशनकार्ड, कुणाकडे जुन्या चाळीची भाडेपावती, कुणाच्या वडिलांची पगाराची पावती. ब्रह्मदेश पडला, तिकडचा तांदूळ थांबला आणि मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. भातावर वाढलेल्या कोकणी कामगाराला मिळेल ते धान्य पोटात ढकलावं लागलं. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. हे सांगितलं की रेशनच्या रांगेची किंमत कळायची. पगाराच्या पावतीवरच्या महागाई भत्त्यासाठी मार्च १९४० मध्ये गिरणी कामगारांनी मोठा संप केला होता. आणि १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या खोल्यांचं प्रमाण भाडं धरलं ते १ सप्टेंबर १९४० चं. पागडीच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला हे सांगितल्यावर तो घरी जाऊन पावती पुन्हा बघायचा.

एवढ्या वर्षांत माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. 'चले जाव'ची मुंबई आणि रेशनच्या रांगेतली मुंबई वेगळ्या शिकवू नयेत. गवालिया टँकवर घोषणा देणारा माणूसच दुसऱ्या दिवशी महाग झालेलं धान्य शोधत हिंडत होता. सरकार नको होतं आणि सरकारच्या दुकानातला तांदूळ हवा होता. या पेचात माणसं कशी जगली, कुणी नफा कमावला आणि कुणाच्या ताटातलं कमी झालं, हे विचारायला मूल शिकलं, तर सनावळीत चार मार्क कमी पडले तरी चालतील.