दोन ‘ॲ’ आणि गावचं वाचनालय

कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायची वेळ आली की कुणी चेहरा ओळखणारा कॅमेरा मांडतं, कुणी शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करून दाखवतं. मी पडद्यावर दोन अक्षरं लिहिते, ‘ॲ’ आणि ‘अॅ’, आणि विचारते, यांत फरक काय? समोरचे म्हणतात, काहीच नाही. संगणक म्हणतो, ही दोन वेगळी आहेत. माझं बहुतेक काम या दोन उत्तरांच्या मधे चालतं.

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला क्रमांक कळतो. जगभरच्या लिप्यांना असे क्रमांक देणारी व्यवस्था म्हणजे युनिकोड. तिच्यात देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत. मराठीतल्या ‘ॲ’ला त्यात स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र देत, म्हणजे एका अक्षरासाठी दोन क्रमांक. कीबोर्ड बदलले, पण सवयी राहिल्या, त्यामुळे आजही दोन्ही प्रकार सर्रास लिहिले जातात. पुस्तकांच्या यादीत एका लेखकाच्या नावाआधी ‘ॲड.’ आणि दुसऱ्याच्या नावाआधी ‘अॅड.’ असेल, तर एक शोधल्यावर दुसरा सापडत नाही. वाचकाला वाटतं, पुस्तकच नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. सध्या पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरचं डीटीपीचं दुकान आहे: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. त्यामुळे प्रोग्रामिंगच्या आधी मी फॉन्ट शिकले. पप्पांच्या जुन्या फाइली श्री-लिपी, आकृती, ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ अशा फॉन्टांत आहेत. हे फॉन्ट रुळले तेव्हा युनिकोड दुकानादुकानांत पोचलं नव्हतं. म्हणून ते करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एका जागी अर्धा ‘ग’, दुसरीकडे काना, तिसरीकडे रफार. छपाईला हे उत्तम चालतं. पण तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली, की पानभर नुसती गिचमीड.

माझा पहिला कामाचा प्रोग्राम या फाइली युनिकोडमध्ये आणणारा. पायथनमध्ये लिहिला. ऐकायला सोपं वाटतं: तक्ता करा आणि तुकड्याच्या जागी अक्षर ठेवा. अडतं ते क्रमावर. ‘किती’ लिहिताना जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप होते, मग ‘क’, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतं: आधी ‘क’, मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. ‘धर्म’ जुन्या फॉन्टात ध, म आणि शेवटी रफार असा येतो, युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ हा ‘म’च्या आधी हवा. ‘आर्द्र’मध्ये तर रफाराला अख्खं ‘द्र’ ओलांडून मागे जावं लागतं. म्हणजे जोडाक्षर कुठून सुरू होतं, हे प्रोग्रामला कळलं पाहिजे. हे सगळे बारकावे मी पप्पांकडून घेतले. ते टाइप करायचे आणि कुठली कळ कधी दाबली ते मी शेजारी बसून लिहून घ्यायची.

गावच्या सार्वजनिक वाचनालयाची यादी आमच्याच दुकानात टाइप झालेली. ती युनिकोडमध्ये आली तसे ग्रंथपाल काका म्हणाले, ‘आता शोधता आलं पाहिजे.’ तिथून कामाला खरा रंग चढला. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’ असं छापलेलं, आणि काकांनी दाखल नोंदवहीत पुस्तकावर असेल तसंच उतरवलेलं. आजचा वाचक ‘काही’ लिहून शोधतो.

‘काका, शोधताना सगळे अनुस्वार गाळू या?’

‘गाळ की. मग कुणी ‘वंश’ मागितला तर मी ‘वश’ काढून देऊ होय?’

‘मग फक्त कान्यावरचे?’

‘कांदा खातीस न्हवं? त्याचा अनुस्वार कुठं टाकणार?’

‘घरांत’ या शब्दाने तर आम्हा दोघांनाही अडवलं. आजच्या लेखनात तो अनेक घरांबद्दल बोलतो, जुन्या पुस्तकात एकाच घराबद्दल. असा शब्द कुठल्याही सरसकट नियमात बसत नाही.

शेवटी प्रत्येक पुस्तकाच्या नावाची दोन रूपं ठेवली. एक मूळ, छापल्याप्रमाणे. पडद्यावर तेच दिसतं. दुसरं केवळ शोधासाठी, वाचकाला कधीच न दिसणारं. या दुसऱ्या रूपात दोन्ही ‘ॲ’ एक होतात. ‘ऱ’ एका क्रमांकानेही लिहिता येतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. ही दोन रूपं समान आहेत असं युनिकोडनेच जाहीर केलंय, त्यामुळे ती एकत्र आणायची तयार सोय मिळते. ‘ॲ’बाबत तसं जाहीर केलेलं नाही, तिथे नियम माझा मला लिहावा लागला. जुन्या अनुस्वारांसाठी काकांनी शब्दांची यादी सांगितली, ती अजून वाढतेय. ऱ्हस्व-दीर्घ मी एकच धरले, कारण शोधणारा ‘कवि’ लिहील की ‘कवी’, याचा भरवसा नाही. पण त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ही एक होतात. म्हणून तंतोतंत जुळणारी नावं वर येतात, सैल जुळणारी त्यांच्या खाली. सैल जुळणीत ‘ऱ’ आणि ‘र’ही एकच धरले, तरी ‘दर्या’ शोधणाऱ्याला आधी समुद्र मिळतो, डोंगरातल्या ‘दऱ्या’ नंतर.

शब्दकोडी हा माझा दुसरा नाद, आजीकडून आलेला. कोडी तयार करणारा प्रोग्राम लिहायला घेतला तर तिथेही हाच प्रश्न. ‘क्षत्रिय’ला चौकोन किती? आजी म्हणेल तीन: क्ष, त्रि, य. संगणक क्रमांक मोजतो आणि आठ सांगतो. वाचणाऱ्याला एक वाटणारा गट कुठे तोडायचा, यासाठी युनिकोडचे नियम आहेत, पण जुन्या नियमांनी या शब्दाचे पाच तुकडे व्हायचे, कारण हलंतानंतर तोड पडायची. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड ठेवण्याचा नियम आला. त्यावर चालणारी साधनं आजीशी सहमत होतात. जुनी साधनं अजून पाचावरच आहेत.

प्लेसमेंटची तयारी करताना मित्र विचारतात, याचा मुलाखतीत काय उपयोग? माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन गोष्टी सारख्या आहेत का, हा प्रश्न प्रत्येक प्रोग्रामला पडतो: बँकेतल्या नावांबाबत, आधारवरच्या पत्त्यांबाबत, मतदार यादीबाबत. सारखं कशाला म्हणायचं, हे आधी माणसाने ठरवून द्यावं लागतं. मराठीपुरतं ते ठरवायची समज डीटीपीवाले, ग्रंथपाल आणि मुद्रितशोधक यांच्याकडे आहे. कोड लिहिणाऱ्याने त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला हवं.

माझा प्रोग्राम मी कुणालाही फुकट वापरता येईल असा खुला ठेवलाय. तुमच्या वाचनालयाची, संस्थेची, तालमीच्या मंडळाची जुनी फाइल उघडल्यावर गिचमीड दिसत असेल, तर ती पुसू नका. ती ज्या फॉन्टात टाइप झाली त्याचं नाव, टाइप करणारे आहेत तोवर त्यांना विचारून, फाइलीसोबत लिहून ठेवा. जमलं तर त्यातल्या एका पानाची छापील प्रतही जपा. नाव आणि पान हाती असेल तर तक्ता करता येतो. बाकीचं काम आमच्यासारख्या पोरांचं.