मत्स्यालयातील उभ्या खोडाच्या पाणवनस्पती : छाटणी आणि निगा

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील वनस्पतींचे वाढीच्या पद्धतीवरून ढोबळमानाने दोन गट करता येतात. अमेझॉन सोर्ड, व्हॅलिस्नेरिया यांची पाने बुंध्यापाशी एकाच ठिकाणाहून निघतात. रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला, ब्राह्मी यांना उभे खोड असते आणि त्याच्या प्रत्येक पेरावर पाने येतात. पहिल्या गटातील वनस्पतींची फक्त जुनी, बाहेरची पाने बुंध्यातून काढायची असतात. शेंडा छाटायचा तो दुसऱ्या गटाचा. या पाठात आपण त्याच गटाचा विचार करू.

१. छाटणी कशासाठी?

वरून झुडूप हिरवेगार, पण खाली काळपट, पाने गळालेले देठ, ही नेहमीची तक्रार. खत कमी पडले असे आपल्याला वाटते. पुष्कळदा खरे कारण सावली हे असते. शेंडे पृष्ठभागाला टेकले की आडवे पसरतात आणि छत तयार होते. समजा, पानांच्या प्रत्येक थरातून निम्माच प्रकाश खाली जातो. मग चार थरांखाली १/१६, म्हणजे सुमारे ६ टक्के प्रकाश उरतो. पान जेवढे अन्न तयार करते त्यापेक्षा श्वसनात जास्त खर्च होऊ लागले की ते पिवळे पडून गळते.

दुसरे कारण वायूंच्या विसरणाचे. पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे विसरण हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असते. त्यामुळे पानांपर्यंत वायू पोचायला पाणी वाहते हवे. दाट झुडपात प्रवाह अडतो आणि आत कुजणारी पाने ऑक्सिजनही खातात.

२. कापल्यावर काय होते?

शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरते आणि पानांच्या बेचक्यातील कळ्यांना दाबून ठेवते. याला अग्रप्रभुत्व म्हणतात. थिमन आणि स्कूग यांनी १९३३ मध्ये बाकल्याच्या रोपांवर हे दाखवले. शेंडा काढून त्या जागी ऑक्झिन लावले, तर बाजूच्या कळ्या दबलेल्याच राहतात. शेंडा नाहीसा झाला की सायटोकायनिन आणि शर्करा यांच्या मदतीने या कळ्या फुटतात. समोरासमोर पाने असलेल्या पेराच्या वर कापले, तर साधारणपणे एकाचे दोन फुटवे होतात.

आता हिशेब करा. १० खोडे, तीन छाटण्या : २०, ४०, ८० शेंडे. बुंधे आणि जागा मात्र तेवढीच. म्हणजे झुडूप दाट करणारी छाटणीच पुढे सावलीची अडचण परत आणते.

३. दोन पद्धती

(अ) शेंडा छाटणे : खालची पाने निरोगी असतील तर पेराच्या किंचित वर कापा. नवी वाढ कापाच्या जागेपासूनच सुरू होते, म्हणून हव्या त्या उंचीच्या बरेच खाली कापावे. २५ सेंमी उंच झुडूप हवे असेल तर १२ सेंमीवर कापा. पुढच्या वेळी कात्री आधीच्या कापाच्या थोडी वर चालवा.

(आ) शेंडे पुन्हा लावणे : बुंधे उघडे पडले असतील, किंवा तीन-चार छाटण्या होऊन गर्दी झाली असेल, तर जुने बुंधे उपटून निरोगी शेंडेच लावा.

४. कृती

- पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर, पंप आणि दिवा यांचे प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.
- धारदार कात्री वापरा. बोथट कात्रीने देठ चिरडतो आणि कुजतो.
- पुन्हा लावायचे शेंडे १० ते १२ सेंमीचे घ्या. खालच्या एक-दोन पेरांची पाने काढा. याच पेरांना मुळे फुटतात.
- चिमट्याने एकेक शेंडा, २ ते ३ सेंमी अंतरावर, किंचित तिरका रोवा. दुकानातून आलेली जुडी असेल तर स्पंज आणि शिशाची पट्टी आधी काढा.
- तरंगणारी पाने जाळीने गोळा करा.

५. छाटणीनंतरची निगा

पाने कमी झाली की अमोनिया, नायट्रेट शोषणारेही कमी होतात. माशांची विष्ठा मात्र तेवढीच असते, आणि शिल्लक पोषण शेवाळाच्या कामी येते. म्हणून त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढून घ्या, आणि तापमान टाकीतल्या पाण्याइतकेच ठेवा. काही दिवस खत आणि माशांचे खाणे हात राखून द्या. सगळी झुडपे एकाच दिवशी कापू नका. निम्मी आज, निम्मी दोन आठवड्यांनी.

६. तुकडे कुठे टाकाल?

एका पेराच्या तुकड्यापासूनही नवे झाड उभे राहू शकते. म्हणून छाटण नदी, तळे किंवा गटारात टाकू नका. केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात आवळ पांडी येथे २०२० मध्ये ओढ्यावर गुलाबी फुलांचा गालिचा पसरला आणि लोक तो पाहायला लोटले. तो होता कबोम्बा, अमेरिका खंडातून आलेली मत्स्यालयातली वनस्पती. उलट आपल्याकडची हायग्रोफिला फ्लोरिडात उपद्रवी तण ठरली आहे. छाटण उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच कुंडीत किंवा खतात घाला.

स्वाध्याय

१. प्रत्येक थरातून ७० टक्के प्रकाश खाली जात असेल, तर चार थरांखाली किती उरेल?
२. शेंडा कापल्यावर बाजूच्या कळ्या का फुटतात?
३. तुमच्या टाकीतील झुडपाला (अ) पद्धत योग्य की (आ)? खालच्या पानांचे निरीक्षण करून कारण लिहा.