नीलमावर मात करणारे प्लास्टिक : चित्रा झडपेची घडण

माणसाच्या हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे आणि मागे फिरू द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. पण हे काम दिवसाला सुमारे एक लाख वेळा आणि वर्षाला जवळजवळ पावणेचार कोटी वेळा करावे लागते. भारतात या झडपा निकामी होण्याचे एक मोठे कारण संधिज्वर, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हर, हे आहे. घशाला स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा संसर्ग झाला की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते, आणि काही मुलांमध्ये त्याच भरात ती स्वतःच्या हृदयालाही इजा करते. हा ताप बहुधा 5 ते 15 या वयात येतो. दाटीवाटीच्या घरांत संसर्ग सहज पसरतो. वेळेवर पेनिसिलिन मिळाले नाही तर ताप पुन्हा पुन्हा उलटतो आणि दर खेपेस झडपेची हानी वाढते. डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधली मायट्रल झडप सर्वांत जास्त बाधित होते. ती आकसते किंवा गळू लागते. रुग्ण तरुण असल्याने बदलून घातलेली झडप पुढे कित्येक दशके टिकावी लागते.

कृत्रिम झडपेचा पहिला यशस्वी प्रयोग 1952 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हफनागेल यांनी केला. त्यांनी प्लास्टिकच्या नळीत चेंडू असलेली झडप रुग्णाच्या महाधमनीत बसवली. 1960 मध्ये शल्यविशारद अल्बर्ट स्टार आणि अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांची पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप प्रत्यक्ष हृदयात, मूळ झडपेच्या जागी बसली. चेंडूला वळसा घालून जाताना रक्ताला अडथळा होत असे, म्हणून पुढे त्याच्या जागी कलणारी तबकडी आली.

अशा झडपेसाठी आकारापेक्षा अवघड प्रश्न असतो तो साहित्याचा. शरीरात वापरण्याजोग्या पदार्थांना बायोमटेरियल म्हणतात. रक्ताशी सतत संपर्क येणार असेल, तर अशा पदार्थाची कसोटी अधिकच कडक होते. परका पृष्ठभाग भेटताच काही सेकंदांत त्यावर रक्तातील प्रथिनांचा थर बसतो. त्या थरावर रक्तपट्टिका चिकटतात आणि गुठळी तयार होऊ लागते. ही गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो, जागीच वाढली तर झडपच अडकते. रक्त जिथे साचून राहते तिथे गुठळीचा धोका जास्त, आणि जिथे ते जोराने घुसळले जाते तिथे लाल पेशी फुटतात. शिवाय कोट्यवधी वेळा उघडझाप झाली तरी झीज आणि धातूचा थकवा मर्यादेत राहायला हवा. या सगळ्या अटी एकाच पदार्थाने पूर्ण होणे विरळाच. त्यामुळे पदार्थांची जोडी जमवावी लागते.

अशी जोडी भारतात जमवण्याचे काम 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिरुवनंतपुरममधील श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत सुरू झाले. संस्थेचे संचालक, हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन अमेरिकेत हफनागेल यांच्याकडे शिकून आले होते. आयात झडपांची किंमत बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेरची होती. शस्त्रक्रिया करता येते, पण झडप परवडत नाही, ही अडचण त्यांना देशी झडपेकडे घेऊन गेली. अभियांत्रिकीची बाजू जी. एस. भुवनेश्वर यांनी सांभाळली. त्रावणकोर राजघराण्याच्या सॅटेलमंड राजवाड्यात संस्थेचा जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग उभा राहिला. डॉक्टर आणि अभियंते एकाच संस्थेत असल्याने शस्त्रक्रियागृहातली गरज थेट कार्यशाळेपर्यंत पोहोचत होती.

आराखडा कलत्या तबकडीचा ठरला. धातूच्या कड्यात दोन आधारदांड्यांमध्ये तबकडी बिजागरीशिवाय मोकळी बसवायची. रक्ताच्या दाबाने ती कलून उघडते आणि उलट दाबाने मिटते. मिटता-उघडताना ती स्वतःभोवती हळूहळू फिरत राहते, म्हणून झीज एकाच जागी न होता सगळ्या कडेवर वाटली जाते.

पहिल्या तीन नमुन्यांना साहित्यानेच दगा दिला. कड्याला जोडलेल्या आधारदांड्या वेल्डिंगच्या जागी ठिसूळ होऊन तुटल्या. तबकडीसाठी कृत्रिम नीलमाचा एकसंध स्फटिक घेतला, तेव्हा तो इतका कठीण निघाला की टायटॅनियमचा सांगाडाच झिजू लागला. सांगाड्यासाठी अधिक कठीण मिश्रधातू वापरल्यावर झीज थांबली, पण मेंढीत बसवलेल्या झडपेतील नीलमाला तडा गेला. कठीण पदार्थ झिजत नाही, मात्र आघात सोसताना तो लवत नाही. सूक्ष्म दोष असला तरी भंगतो.

चौथ्या नमुन्यात विचाराची दिशा बदलली. तबकडीसाठी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन निवडले. 1960 च्या दशकापासून कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वापरात असलेले हे प्लास्टिक चिवट असते आणि आघात पचवते. सांगाडा हेन्स-25 या कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा केला. तो एकाच ठोकळ्यातून कोरून काढल्याने वेल्डिंगचा सांधाच उरला नाही. हृदयाच्या ऊतींना टाके घालण्यासाठी भोवती पॉलिएस्टर कापडाची कडा बसवली. मऊ तबकडी आणि कठीण, गुळगुळीत धातू यांची झीज थोडी असते, तबकडी मिटताना आवाजही कमी होतो.

रुग्णात बसवण्याआधी झडपेला प्रयोगशाळेत वेगाने चालवून पाहावे लागते. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कठीण साहित्याच्या झडपेने किमान 40 कोटी आवर्तने पार करावी लागतात. शरीरात त्यांना दहा वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. त्यानंतर प्राण्यांवरील चाचण्या आणि मग माणसे. चित्रा झडप पहिल्यांदा 6 डिसेंबर 1990 रोजी माणसाच्या हृदयात बसवली गेली. सहा रुग्णालयांत 306 रुग्णांवर चाचणी झाली. तंत्रज्ञान टीटीके समूहाकडे सोपवण्यात आले आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून झडप बाजारात मिळू लागली. तेव्हापासून एक लाखाहून अधिक चित्रा झडपा वापरल्या गेल्या आहेत.

तरीही गुठळीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. कोणत्याही यांत्रिक झडपेसोबत रुग्णाला आयुष्यभर वॉरफेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागते आणि त्याची मात्रा नीट आहे का, हे वारंवार रक्त तपासून पाहावे लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. हे औषध गर्भालाही घातक ठरू शकते, म्हणून तरुण स्त्रियांच्या बाबतीत निर्णय अधिक अवघड होतो. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून केलेल्या जैविक झडपांना हे औषध सहसा आयुष्यभर लागत नाही. मात्र त्यांत कॅल्शियम साचते आणि तरुण शरीरात हे लवकर घडते. म्हणून वयस्कर रुग्णांना बहुधा जैविक आणि तरुणांना यांत्रिक झडप सुचवली जाते. गुठळी होऊ न देणारे पृष्ठभाग आणि कॅल्शियमला दाद न देणाऱ्या ऊती तयार करणे, ही या क्षेत्रातील संशोधनाची आजची दोन मोठी उद्दिष्टे आहेत.